वाघाटीच्या दाराशी

३ सप्टेंबर

नवी वही, म्हणून सुरुवात नीट करते. सिल्वासात येऊन मला तीन महिने झाले. खानवेल रस्त्यावरच्या या लहानशा प्राणिसंग्रहालयात मी जीवशास्त्रज्ञ आहे, करारावर, पुढच्या तीस जूनपर्यंत. कुठले प्राणी ठेवायचे, कुठले ठेवायचे नाहीत, कुणासाठी कसं घर बांधायचं आणि कुणाची पिल्लं वाढवायची, याचा आराखडा करणं हे माझं काम. इथे जवळजवळ सगळे मला शैलजाबेन म्हणतात. दापोलीच्या माणसाला 'बेन' ऐकायची सवय व्हायला वेळ लागला.

आज नर आला. पुण्यापलीकडच्या केंद्रातून, नऊ तास प्रवास करून, लाकडी पेटीत. वाघाटी ही जगातली सगळ्यात लहान रानमांजराची जात. हा पूर्ण वाढलेला बोका, आणि वजन एक किलो चारशे ग्रॅम. पेटी उतरवताना माझ्या हातून कडी निसटायला लागली. वाळूने माझ्या बाजूची कडी स्वतःच्या हातात घेतली.

वाळू म्हणजे आमचा सगळ्यात जुना प्राणीरक्षक. खडोलीचा, पन्नाशीचा. बोलतो कमी. नराला देशभरच्या वाघाट्यांच्या वंशावळीत क्रमांक आहे, पण वाळूने दुपारपर्यंत त्याचं नाव 'पाहुणा' ठेवून टाकलं. आपल्याकडची मादी सोनी. दोन वर्षांपूर्वी गलोंड्यातल्या एका कारखान्याच्या भंगारात पाय अडकलेली सापडली होती. तिला वाळूनेच बरं केलं.

महिनाभर पाहुणा वेगळा राहील. मग दोघांची ओळख करून द्यायची. मला आत्तापासून झोप नाही.

१९ सप्टेंबर

रमाकांत सरांपुढे आराखडा ठेवला. ते इथले अधीक्षक. मूळचे मालवणचे, माणूस वाईट नाही, पण सतत वरून कुणीतरी विचारेल या धाकात असतात. जुन्या यादीत एकतीस जाती होत्या. मी सतरा ठेवल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं: ही इथे का आहे? 'पूर्वीपासून आहे' हे उत्तर मी मानलं नाही. इमू, पांढरे उंदीर, परदेशी पोपट, सगळे टप्प्याटप्प्याने दुसरीकडे.

"आणि लोकांनी बघायचं काय?" सर म्हणाले.

मी रात्रीचं दालन दाखवलं. फाटकाजवळ, काचेचं, दिवसा मंद उजेड ठेवायचा, म्हणजे निशाचर प्राणी लोकांना जागे दिसतील. सरांना एकदम आवडलं. दोन ऑगस्टला, मुक्तिदिनी, उद्घाटन. त्यांचा पुढचा प्रश्न मला ठाऊकच होता.

"वाघाटी त्यात बसते ना?"

"पिल्लं वाढवायची जोडी लोकांसमोर नाही ठेवता येत, सर. तिला मागचं घर हवं. शांत. नर-मादी एकमेकांना दिसतील पण पिल्लांच्या वेळी वेगळे काढता येतील असं."

"बरं," ते म्हणाले. "पण पिल्लं नाही झाली तर काचेत. कबूल?"

मी कबूल म्हणाले.

७ ऑक्टोबर

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. आधीच्या नोकरीत बिबट्यांची ओळख करून देताना दोन पिंजऱ्यांमधल्या झडपेचा दोर माझ्या हातात होता. मधलं दार उघडलं, दोन मिनिटं सगळं शांत, मग नराने मादीचा गळा धरला. मी दोर सोडला तोपर्यंत तीन सेकंद गेले होते. मादी दुसऱ्या दिवशी मेली.

चौकशी झाली. मी सुटले, कारण माझ्या नोंदी पूर्ण होत्या. तास-तास, रोजचं खाणं, सफाई, वजन, एकही रकाना रिकामा नव्हता. चौकशी समितीतल्या एकांनी नोंदवही मिटून म्हटलं, यांची काही चूक दिसत नाही. तेव्हापासून मला रिकामा रकाना बघवत नाही.

वाळूच्या नोंदवहीत अर्धे रकाने रिकामे असतात. "खाल्ला. बाकी काय नाय," एवढंच. त्याच्याशी बोलायला हवं.

२४ ऑक्टोबर

आज संध्याकाळी झडप उघडली. तीन आठवडे दोघं जाळीच्या दोन बाजूंना होते. गरब्याचे नऊ दिवस खानवेलकडून येणारा आवाज एवढा होता की सोनी खोक्यातून बाहेरच आली नाही, म्हणून हा उशीर.

मी कांबळं, पाण्याचा पाइप, फळी, सगळं हाताशी ठेवलं होतं. डॉ. विशाल, आमचे पशुवैद्य, औषधाची पेटी घेऊन बाहेर. वाळू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता.

"तू उभा राहा ना," मी म्हटलं.

"बेन, आपुन उभे राहिलो का त्यांना वाटतंय काय तरी व्हनार हाय."

मी उभीच राहिले. पाहुणा जवळ गेला. सोनीने फिस्कारून पंजा मारला. माझ्या तोंडून आवाज निघाला, आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. वाळूने हाताने मला खाली बसायची खूण केली. मी बसले. मग पाऊण तास काहीच झालं नाही. शेवटी दोघं एका फळीवर, दोन हात अंतर ठेवून बसले.

घरी येऊन त्या पाऊण तासाची नोंद लिहून काढली.

९ नोव्हेंबर

मीलन झालं. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतंय. तीनदा. पासष्ट-सत्तर दिवस धरले तर जानेवारीच्या मध्यावर. देशभरात वाघाटीच्या प्रजनन-कार्यक्रमात मोजक्याच माद्या आहेत आणि त्यांतल्याही काही एकमेकींच्या बहिणी. सोनी बाहेरची, रानातली. तिचं रक्त या वंशावळीत कुठेच नाही. म्हणून ती मोलाची. म्हणून मी इतकी घाबरते, असं आज स्वतःला सांगितलं.

१८ डिसेंबर

पाहुण्याला वेगळं केलं. सोनीचं पोट दिसायला लागलंय. तिच्यासाठी दोन खोकी ठेवली, भाताचा पेंढा घालून. मी खोक्यातच दुसरा कॅमेरा बसवून घेतला. आता मोबाइलवर घरूनही बघता येतं. आज संध्याकाळपासून एकोणीस वेळा बघितलं.

वाळूने जाळीवर बाहेरून जुनी गोणपाटं टांगली होती. पहिल्या कॅमेऱ्याची अर्धी चौकट झाकली जात होती आणि दिसायलाही घाण. मी काढायला लावली.

"बेन, ऱ्हाऊ द्या ना," तो म्हणाला.

"कशाला?"

"बरा दिसतंय तिला."

मी म्हटलं, तिला बरं दिसण्यापेक्षा मला नीट दिसणं महत्त्वाचं आहे. त्याने काढली.

११ जानेवारी

झाली. पहाटे सव्वापाच ते सहाच्या दरम्यान. दोन पिल्लं. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. मी नऊ वाजेपर्यंत दारात तीनदा जाऊन आले. सोनी ठीक आहे. कॅमेऱ्यात एक पिल्लू दूध पिताना दिसलं. रमाकांत सरांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. मी खाल्ली नाही. काही चुकलं तर?

१३ जानेवारी

वाळूवर चिडले. दोन दिवस त्याने आतली खोली धुतलीच नाही. रकाना रिकामा. आज विचारलं तर म्हणाला, "राहवा बेन, आठ दिस तरी." मांसाची ताटली लांब काठीने आत सरकवतो आणि निघून जातो. आत जाऊन बघतही नाही की तिने किती खाल्लं. वर अंगात तोच एक मळका शर्ट, सोनीच्या घरासाठी ठेवलेला, धूत नाही, त्याला वास येतो. संसर्ग झाला तर जबाबदार कोण?

मला माहीत आहे जबाबदार कोण. मी.

दिवसातून चार वेळा स्वतः जाऊन नोंद करते आहे. काहीच राहून जायला नको.

१५ जानेवारी

सरांना लेखी कळवलं: वाळू सूचना पाळत नाही, नोंदी अपूर्ण. सरांनी त्याला हरणांकडे पाठवलं. त्याच्या जागी संजू आला. नंदुरबारकडचा, आधी खडोलीच्या कापडाच्या गिरणीत होता, अंगाने उंच, कामाला चोख. सांगितलेलं सगळं करतो.

वाळू जाताना माझ्याकडे आला. मला वाटलं भांडेल. तो म्हणाला, "बेन, संजूला सांगा, साबन लावून आत जाऊ नको. आन् पेंढा हलवू नका."

मी "बघते" म्हणाले.

आज संजूने आतली खोली डॉक्टरांनी दिलेल्या जंतुनाशकाने धुतली. डाव्या खोक्यातला पेंढा ओलसर दिसत होता, तो बदलला. सोनी वरच्या फळीवर जाऊन बसली होती. खोक्यातल्या कॅमेऱ्याची वायर सैल झाली होती, तीही त्याच वेळी लावून घेतली. चाळीस मिनिटांत सगळं पूर्ण. सगळे रकाने भरले. बऱ्याच दिवसांनी जरा श्वास आला.

१६ जानेवारी

सोनी पिल्लू तोंडात धरून फिरते आहे. डाव्या खोक्यातून उजव्या, उजव्यातून फळीवर, परत डाव्या. सकाळी सातपासून. मी दारात उभी राहून मोजते आहे. का करते आहे कळत नाही. डॉ. विशाल म्हणाले, तिला एकटं सोडा. एकटं कसं सोडू? काही झालं तर कळणार कसं?

दुपारी दर अर्ध्या तासाने गेले.

१७ जानेवारी

एक पिल्लू मानेला दात लागून मेलेलं. दुसरं नाही. पेंढा, खोकी, सगळं शोधलं. डॉ. विशालनी हळूच सांगितलं की दुसरं तिने खाल्लं असावं.

हात धुतले. परत धुतले. लिहिता येत नाही.

२० जानेवारी

शवविच्छेदन झालं. पोटात दूध होतं. संसर्ग नाही, व्यंग नाही.

वंशावळीच्या नोंदी डॉ. मनीषा बघतात, देशभरातल्या सगळ्या वाघाट्यांच्या. त्यांच्याकडे मृत्यूचा अहवाल पाठवावा लागतो. कारणाच्या रकान्यापुढे बराच वेळ बसले. सर म्हणाले, "पहिलटकरीण आहे. तेच लिहा." मी लिहिलं: मादीचं अननुभवी वर्तन, मातृत्वाची उणीव. सोबत आमच्या सफाईच्या आणि निरीक्षणाच्या नोंदी जोडल्या, एकही रकाना रिकामा नाही.

सर म्हणाले, तुमची काही चूक दिसत नाही. हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तेव्हा बरं वाटलं होतं. आज नाही.

१२ फेब्रुवारी

डॉ. मनीषांचं पत्र. अहवालावरून सोनीला प्रजननाच्या यादीतून काढण्याचं सुचवलंय. पिल्लं मारणाऱ्या मादीसाठी नर अडकवून ठेवणं परवडत नाही. पाहुणा मार्चअखेर दुसऱ्या केंद्रात जाईल. सोनीला 'प्रदर्शनासाठी' ठेवता येईल.

सर म्हणाले, "म्हणजे काचेत. आपलं ठरलं होतंच." त्यांनी दालनाचा नकाशा काढून तिची जागा दाखवली. फाटकातून आत आलं की पहिलीच खिडकी. सुटीच्या दिवशी तिथून चार-पाच हजार माणसं जातात.

पत्रासोबत मादीच्या वर्तनाच्या चित्रफिती मागितल्यात. सरांनी ते काम मला दिलं.

१५ फेब्रुवारी

चित्रफिती काढायला बसले. अकरा तारखेपासूनचं सगळं, पहिल्यांदाच सलग बघितलं. त्या वेळी मी फक्त चालू क्षण बघत होते.

सोनी वाईट आई नाही. अकरा, बारा, तेरा, चौदा. तासनतास पिल्लांभोवती वेटोळं घालून पडलेली. वाळू ताटली सरकवतो तेव्हा ती कानसुद्धा हलवत नाही. पिल्लं पीत राहतात.

मग दारात एक बाई येते. सोनी ताठ होते. पिल्लू आचळापासून सुटतं. बाई वाकते, वहीत लिहिते, जाते. सोनी पुढची वीस-पंचवीस मिनिटं दाराकडे बघत बसते. पिल्लं तोंडं फिरवत आचळ शोधतात. ती परत आडवी होते, आणि बाई परत येते.

त्या बाईला मी पहिल्यांदा ओळखलंच नाही. पाठीत बाक आहे तिच्या. चेहरा असा, की मी प्राणी असते तर मलाही वाटलं असतं, काहीतरी येतंय.

पंधरा तारखेचं पाचव्या मिनिटाला बंद केलं.

१६ फेब्रुवारी

खडोलीला गेले. वाळूचं घर कारखान्यांच्या रांगेमागे, टेकाडावर. त्याची बायको चिमाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिने पाणी दिलं, पाट दिला, आणि आत गेली. वाळू शेजारी ओट्यावर बसला. मी काय विचारायचं ते ठरवून गेले होते, पण सुरुवातच होईना.

"गोणपाट का टांगलं होतंस?"

"तिला माणूस दिसू नये म्हनून."

"आणि शर्ट?"

"वास वळखते ती. नवा वास आला का तिला भ्या वाटतंय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितला बेन. गोनपाट राहू द्या बोललो, पेंढा हलवू नका बोललो. तुमी लई घाबरलेल्या होत्या. घाबरलेल्या मानसाला आयकू येत नाय." मग, "सोनीलापन नाय आला."

मी रडले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मला सावरू दिलं. मग मी पत्राचं सांगितलं, काचेचं सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"ती काचेत नाय जगायची. दोन म्हयने नाय जगायची."

१८ फेब्रुवारी

दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. दुसऱ्यांदा माझ्या हातून. पहिल्या वेळचं कुणीतरी उकरून काढणारच. त्रेचाळिसाव्या वर्षी कोण नोकरी देईल मला? आणि खरं म्हणजे कुणालाच माहीत नाही. वाळू कुणाला सांगणार नाही. चित्रफिती माझ्याच संगणकावर आहेत. एक बटण.

दुपारी सोनीच्या घराच्या बाजूला गेले, पण वळणावरच थांबले. पुढे जायची भीती वाटली. नवीनच भीती आहे ही, माझ्यामुळे तिला काही होईल याची.

२१ फेब्रुवारी

सरांना आधी दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "मृत्यूचं कारण: वारंवार निरीक्षण, प्रसूतीनंतर पाचव्या दिवशी सफाई व पेंढा बदलणे, आणि परिचित रक्षकाची बदली. हे तिन्ही निर्णय जीवशास्त्रज्ञ या नात्याने माझे होते. मादीचे मातृत्व चौदा तारखेपर्यंत उत्तम असल्याचे सोबतच्या चित्रणात दिसते."

"बेन," सर म्हणाले. ते मला कधी बेन म्हणत नाहीत, शैलजाताई म्हणतात. "हे पाठवलंत तर तुमचा करार मी वाचवू शकणार नाही. बदलीच्या आदेशावर सही माझी आहे. मलाही विचारतील."

"तुमचं नाव मी लिहिलेलं नाही."

"ते वाचलं मी." त्यांनी कागद परत दिला. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्यात नाही हो एवढी हिंमत."

माझ्यातही नाही. पाठवताना पत्ता तीनदा चुकला.

१० मार्च

काही उत्तर नाही. फोन वाजला की आधी नंबर बघते. दालनाच्या काचा आल्या. पहिल्या खिडकीच्या चौकटीवर 'वाघाटी' अशी पाटीही तयार आहे.

१९ मार्च

डॉ. मनीषांचा फोन. मी उभीच राहिले. त्यांनी चित्रण पूर्ण बघितलं होतं.

"चूक मोठी आहे, तुम्हाला माहीत आहे ना?"

"हो."

"मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून फोन केलेला नाही. पण वीस वर्षं मी या नोंदी ठेवते आहे. 'मादी अननुभवी' असं लिहिलेले किती कागद माझ्याकडे आहेत सांगू? त्यावरून मी माद्या बाद करत आले. आता प्रत्येक कागदाकडे बघून वाटतंय, इथे दारात कोण उभं होतं?" मग त्यांनी निर्णय सांगितला. "सोनीला एक संधी देते. एकच. पाहुणा जुलैपर्यंत राहील. रक्षक तोच जुना. आणि तुम्ही लांब."

"हो," मी म्हणाले. "मी लांब."

१७ एप्रिल

वाळू परत आला. गोणपाटं परत लागली, आता दोन पदरी. खोक्यातला कॅमेरा मी स्वतः फेब्रुवारीतच काढून टाकला होता. जोडी एकत्र केली तेव्हा मी कार्यालयात कुलूप लावून बसले होते. वाळू तासाने आला. "झाला बेन. भांडन नाय."

दिवस मोजले तर पिल्लं जूनच्या शेवटच्या आठवड्यात. माझा करार तीस जूनला संपतो.

२८ मे

सरांनी बोलावलं. वर विचारलं होतं, कराराचं नूतनीकरण नाही. कारण लिहिलेलं नाही. सरांच्या हातात कागद होता, तो त्यांनी टेबलावर माझ्याकडे सरकवला आणि स्वतःच म्हणाले, "दालनाचा आराखडा तुमच्या नावानेच राहील. आणि पहिल्या खिडकीत मी घुबडं घेतलीत. पाटी बदलायला सांगितली."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भीती मात्र आहेच, घराची, आईच्या प्रश्नांची. पण झोप लागते आहे, हे एक नवल.

२५ जून

वाळूने काल संध्याकाळपासून ताटली सरकवण्यापलीकडे काही केलेलं नाही. पाहुणा गेल्या महिन्यापासून वेगळा आहे, आणि सोनी खोक्यातून बाहेर आलेली नाही. आज सकाळी कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसला.

"झालीत?"

"झाली आसतील."

"म्हणजे तू बघितलं नाहीस?"

"कशाला बघू?"

दिवसभर मी दुसरं काम काढलं. इमूंच्या पाठवणीचे कागद, दालनातल्या दिव्यांच्या वेळा. तीन वेळा उठून दारापर्यंत गेले आणि तीन वेळा परत बसले. पाय आपोआप निघतात. डॉ. विशाल हसले, म्हणाले, तुम्हाला बांधून ठेवायला हवं.

२७ जून

पाऊस दोन दिवस थांबलेला नाही. सोनीच्या छपरातून गळती झाली तर? संजूने परवा पत्र्याचा एक खिळा सैल आहे असं सांगितलं होतं. आता ठोकायला गेलं तर आवाज होणार. नाही गेलं आणि पेंढा भिजला तर पिल्लं गारठणार. सकाळभर हाच घोळ. जानेवारीत असते तर दहा मिनिटांत माणूस छपरावर चढवला असता.

वाळूला विचारलं. त्याने भिंतीला हात लावून बघितला, मग बाहेरून खोक्याच्या बाजूला कान दिला. म्हणाला, "पानी दुसऱ्या कोपऱ्यात जातंय. राहू द्या."

"खात्री आहे?"

"नाय."

त्याला खात्री नव्हती आणि तो राहू द्या म्हणत होता. मी राहू दिलं. दुपारी जेवण गेलं नाही.

३० जून

शेवटचा दिवस. चाव्या दिल्या, नोंदवह्या दिल्या. सरांनी शाल आणि नारळ दिला, माझ्या डोळ्यांकडे न बघता. संजू येऊन पाया पडला, मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्याची काहीच चूक नव्हती, हे त्याला परत एकदा सांगितलं.

वाळू मला फाटकाकडे न नेता मागच्या वाटेने घेऊन गेला. सोनीच्या घरापासून वीसेक पावलांवर थांबला. पाऊस उघडला होता.

"बेन, बघायचा का? या टायमाला ती खायला भायेर येती. गोनपाटाला फट हाय, खोक्याच्या तोंडासमोर. एकच मिनिट. तिला नाय कळायचा."

माझा सगळा जीव त्या फटीत गेला होता. पाच महिने मी तीच दोन पिल्लं बघते आहे डोळे मिटले की. एक जिवंत पिल्लू बघितलं असतं तर ते चित्र पुसलं असतं कदाचित.

"तू बघितलीस पिल्लं?"

"नाय."

"मग आहेत हे कशावरून? जिवंत आहेत हे?"

"ती खायला येती ना, तवा पोटाचे केस ओले आसतात. चिकटलेले. पिल्ला पिऊन सोडतात तसे." त्याने आपल्या शर्टावर हात फिरवून दाखवलं. "आज सकाळीपन ओले व्हते."

मी तिथेच उभी राहिले. आतून सोनीच्या खाण्याने ताटली सरकल्याचा बारीक आवाज आला. बस्स. वाळू माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं की तो मनापासून विचारतोय. मी हो म्हटलं असतं तर त्याने मला नेलं असतं.

"नको," मी म्हटलं. "चल, मला बसपर्यंत सोड."

वापीच्या बसमध्ये हे लिहिते आहे.

३ ऑगस्ट, दापोली

वाळूचा फोन आला, डॉ. विशालच्या मोबाइलवरून. काल दालनाचं उद्घाटन झालं, घुबडं बघायला गर्दी लोटली. आणि आज, चाळीस दिवसांनी, डॉक्टरांनी पहिल्यांदा खोकं उघडलं.

एकच आहे. मादी. वजन तीनशे दहा ग्रॅम. डॉक्टरांच्या हातमोज्याला चावली. दुसरं झालंच नव्हतं की पहिल्या दिवशीच गेलं, ते कधीच कळणार नाही.

"नाव काय ठेवलंस?" मी विचारलं.

"नाय ठेवला आजून. घाई काय हाय."

संध्याकाळी नव्या ठिकाणचा अर्ज भरला, माळढोकांच्या केंद्राचा. तिथे तर वर्षाला एकेक अंडं. 'याआधीच्या कामातील परिणाम' या रकान्यात लिहिलं: वाघाटीची दोन पिल्ले माझ्या निर्णयांमुळे दगावली, त्यानंतर एक जगले, त्या वेळी मी दूर राहिले. बिबट्याचंही लिहिलं, तीन सेकंदांसकट. आईने मागून वाचलं आणि म्हणाली, "असं लिहिलंस तर कोण घेईल तुला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. अर्ज पाठवला.